एका रात्रीची सॅक आणि दोन वेळचे ट्राउट

डोंगरातल्या तळ्यावर मुक्कामाला जाऊन ट्राउट मासे धरण्याचा माझा पहिला प्रयत्न तंबूच्या खुंट्या शोधण्यात संपला. त्या दिवशी माझ्या पाठीवर जवळजवळ १७ किलोंची सॅक होती आणि तळे खिंडीच्या पलीकडे होते. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचण्याचा हिशेब मी केला होता, पण प्रत्यक्षात पोहोचलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. हेडटॉर्चच्या उजेडात काळ्या पाण्यावर एकामागून एक वर्तुळे उमटताना दिसत होती. पृष्ठभागावरचे कीटक मासे वर येऊन टिपत होते, आणि मी गुडघ्यांवर बसून गवतात पडलेली आठवी खुंटी चाचपत होतो. दुसऱ्या दिवशी जाग आली ती ऊन तंबूवर आल्यावर. पाय जड झाले होते, खांद्यांवर वळ उठले होते आणि पाणी आरशासारखे निश्चल, निर्जीव दिसत होते. मासे तिथे आहेत हे मी स्वतः पाहिले होते, पण त्यांच्या वेळेला मी कधीच मोकळा नव्हतो.

त्या सहलीनंतर ओझ्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कमी वजनाने डोंगर चढण्याविषयी बोलणारे बहुतेक लोक अंतराची भाषा बोलतात, म्हणजे हलकी सॅक असेल तर दिवसाला इतके किलोमीटर जास्त. मासे धरायला जाणाऱ्याला जास्त अंतर नको असते. त्याला तेच अंतर लवकर संपवून उरलेला वेळ पाण्याकाठी हवा असतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ट्राउट दुपारी बहुधा खोलात किंवा दगडाच्या सावलीत राहतो, कारण उथळ, उजेडाच्या पाण्यात वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याचे तो सहज भक्ष्य ठरतो. ऊन उतरले की तो काठाकडे सरकतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला मेफ्लाय आणि कॅडिस या जलकीटकांच्या अनेक जाती पाण्यातली बाल्यावस्था संपवून पृष्ठभागावर येतात, पंख वाळवतात आणि उडतात. पहाटे उजेड मंद असताना असाच दुसरा काळ येतो. एका दिवसात जाऊन परत येणाऱ्याच्या वाट्याला नेमकी मधली दुपार येते. रात्रीचा मुक्काम या दोन वेळा पदरात पाडून घेण्यासाठी करायचा असतो, आणि सॅकमधली प्रत्येक वस्तू त्या दोन वेळांच्या तराजूत तोलायची असते, असे माझे मत आहे.

हलके चालण्याची कल्पना नवी नाही. एमा गेटवुड ही अकरा मुलांची आई १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली ३,२०० किलोमीटरांहून लांब असलेली ॲपलाचियन वाट एकटीने चालून गेली. तिच्यापाशी घरी शिवलेली कापडी पिशवी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. तंबू नव्हता आणि स्लीपिंग बॅगही नव्हती. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डीन याने या वृत्तीला पद्धतीचे रूप दिले. तो एरोस्पेस क्षेत्रातला अभियंता होता आणि कड्यांवर चढणारे लोक भेगांत अडकवतात त्या ‘फ्रेंड’ नावाच्या उपकरणाचा जनकही. आज अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाचे वजन साडेचार किलोंच्या आत असेल तर त्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात, आणि नऊ किलोंच्या आत असेल तर नुसते हलके. माझी सॅक या दोन्हींच्या मध्ये, साडेपाच किलोंच्या आसपास असते. त्यात एका रात्रीचे जेमतेम पाऊण किलो अन्न आणि एक लिटर पाणी मिळवले तरी एकूण साडेसात किलोंच्या वर जात नाही. आणखी एक किलो कमी करणे शक्य आहे, पण ते ज्या गोष्टींतून कमी करावे लागेल त्यांच्याविषयी मला पुढे बोलायचे आहे.

वजन पायांवर असेल तर ते पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवते. या विषयावरच्या प्रयोगांत पायातल्या वजनाला लागणारी ऊर्जा पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहापट आढळली आहे. म्हणून घोट्याच्या वर येणारे जड बूट मी सोडून दिले. मासेमारीत याचा दुसराही फायदा होतो. जाळीच्या कापडाचे हलके बूट घालून सरळ पाण्यात उतरता येते आणि नंतर चालता चालताच ते बऱ्यापैकी वाळतात. छातीपर्यंत येणारे जलरोधक वेडर हे नदीकाठी मोटारीतून उतरणाऱ्या माणसाचे साधन आहे. सोबतच्या बुटांसह त्यांचे वजन माझ्या तंबू आणि पांघरुणाच्या एकत्रित वजनाहून अधिक भरते. हिमवितळीचे पाणी सहा-सात अंश सेल्सिअस असेल तर पाच-दहा मिनिटांत पाय बधिर होतात हे खरे, पण लहान ओढ्यात तेवढा वेळ उभे राहण्याची गरज क्वचितच पडते. त्याच्या बदल्यात लोकरीचे मोजे सॅकच्या तळाशी जलरोधक पिशवीत ठेवायचे आणि ते फक्त झोपतानाच घालायचे, हा नियम मी कधीही मोडत नाही.

निवाऱ्यासाठी मी साडेतीनशे ग्रॅमांचा टार्प, म्हणजे डोक्यावर ताणून बांधायचे कापड, वापरतो. चालताना हातात असलेल्या काठ्याच त्याचे खांब होतात. कीटकांचा मोसम असेल तर त्याखाली जाळीची हलकी खोळ टांगतो; जलकीटकांमुळे ट्राउट वर येतात हे जितके खरे, तितकेच माणसाला चावणारे कीटकही त्याच संध्याकाळी, त्याच काठावर बाहेर पडतात हेही खरे. स्लीपिंग बॅगऐवजी पाठीकडची बाजू उघडी असलेले डाउनचे, म्हणजे मऊ पिसांचे, क्विल्ट पांघरायला नेतो, कारण अंगाखाली दबलेली पिसे उष्णता धरून ठेवत नाहीत आणि त्यांचे वजन फुकट वाहिले जाते. जमिनीकडे जाणारी उष्णता अडवण्याचे काम मॅटचे असते. इथेच नवखे लोक चुकतात, आणि मीही चुकलो होतो. फोमच्या साध्या घडीच्या मॅटचे आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, दोनच्या आसपास असते. गोठणबिंदूजवळच्या रात्री ते तीनच्या वर, शक्यतो चारच्या जवळ हवे. मी दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी पातळ मॅट नेली आणि क्विल्ट पुरेसे ऊबदार असूनही रात्रभर कुडकुडलो. पहाट झाली तेव्हा बोटांना इतका कंप होता की टिपेटच्या, म्हणजे गळाला बांधायच्या बारीक दोऱ्याची गाठ मारता येईना. दुसऱ्यांदा मासे वर येत होते आणि दुसऱ्यांदा मी निकामी होतो. या वेळी जास्त ओझ्यामुळे नव्हे, तर कमी ओझ्यामुळे.

त्या रात्रीचा अर्धा दोष जागेचा होता. मी तळ्याच्या अगदी काठाशी, खोलगट गवताळ जागेत मुक्काम केला होता, कारण तिथून पाणी दोन पावलांवर होते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि ओघळून खोलगट भागात साठते. दिवसा उंचीबरोबर तापमान साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी कमी होते, पण अशा रात्री हिशेब उलटा होतो आणि तळाशी असलेली जागा तीस-चाळीस मीटर वरच्या सपाटीपेक्षा लक्षणीय थंड असते. शिवाय काठाजवळ दव जास्त पडते आणि डाउन ओले झाले की गोळा होऊन बसते. आता मी पाण्यापासून निदान साठ मीटर दूर आणि थोड्या उंचीवर, झाडोऱ्याच्या किंवा मोठ्या शिळेच्या आडोशाला झोपतो. काठावरची नाजूक वनस्पती तुडवली जाऊ नये आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट अडू नये यासाठीही हेच अंतर सांगितले जाते, म्हणजे सौजन्य आणि ऊब यांची इथे गाठ पडते.

चुलीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका रात्रीत दोनदा पाणी उकळायचे असते, आणि तेवढ्यासाठी तीस ग्रॅमांचा स्पिरिटचा स्टोव्ह आणि शंभर मिलिलिटरहून कमी इंधन पुरते. उघड्या ज्योतीच्या अशा स्टोव्हला कोरड्या मोसमात अनेक ठिकाणी बंदी असते. तिथे गॅसचा लहान डबा न्यावा, पण तो ब्युटेनचा नसावा, कारण साधे ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायुरूप होणे सोडते आणि पहाटे नेमके तेच तापमान असते. आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपासपर्यंत साथ देते. अन्नात मी स्निग्ध पदार्थांचा वाटा वाढवतो, कारण चरबीच्या एका ग्रॅममागे नऊ कॅलरी मिळतात आणि पिष्टाच्या एका ग्रॅममागे चार. मात्र रात्रीचे जेवण माशावर अवलंबून ठेवून निघू नये. अन्नाचे वजन वाचवण्याची ही युक्ती मी लोकांकडून अनेकदा ऐकली आहे आणि ती सांगणारे लोक रात्री उपाशी झोपल्याचेही ऐकले आहे.

आता रॉड, म्हणजे गळाची काठी. हलक्या सहलीत माशांच्या सामानाने सगळा हिशेब बिघडवू नये, आणि याचे सर्वांत सुंदर उत्तर जपानच्या डोंगराळ ओढ्यांनी फार पूर्वीच दिलेले आहे. तेन्कारा या पद्धतीत दोरी गुंडाळायचे रीळ नसते. रॉडच्या टोकाला ठरावीक लांबीची दोरी बांधलेली असते, तिच्या शेवटी मीटरभर टिपेट आणि त्याला एकच फ्लाय, म्हणजे पिसे-दोऱ्याने गळावर बांधलेला नकली कीटक. पूर्वी बांबूच्या असलेल्या या रॉड आता कार्बनच्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या असतात. उघडल्यावर लांबी साडेतीन मीटरच्या आसपास भरते, मिटल्यावर अर्धा मीटर, आणि वजन ७० ते ९० ग्रॅम. दोरी, टिपेटची गुंडाळी, दहा-बारा फ्लायची डबी, दोरा कापायची कात्री आणि गळ काढायचा चिमटा हे सारे मिळून दोनशे ग्रॅमही होत नाही. जपानबाहेर या पद्धतीचा मोठा प्रसार २००९ नंतर झाला, आणि कमी वजनाने चालणाऱ्या लोकांनी ती इतक्या उत्साहाने उचलली की काही काळ तिचे नुसते कौतुकच कानांवर येत होते.

माझे कौतुक मर्यादित आहे. लहान, उताराच्या, दगडगोट्यांनी भरलेल्या ओढ्यात तेन्काराला तोड नाही, कारण तिथे मासा चार-पाच मीटरवर असतो आणि मधल्या वेगवान धारेने दोरी ओढून फ्लायला अनैसर्गिक वेगाने पळवू नये हीच खरी अडचण असते. लांब रॉड उंच धरली की सगळी दोरी पाण्याच्या वर राहते, फक्त फ्लाय पाण्याला टेकते आणि ती दगडामागच्या शांत पाण्यात दोन-तीन क्षण जास्त थांबते. ट्राउटला तेवढे क्षण पुरतात. परंतु तळ्यावर हीच पद्धत हतबल होते. मासा काठापासून बारा मीटरवर फिरत असेल आणि समोरून वारा येत असेल, तर साडेतीन मीटरची रॉड आणि तेवढीच दोरी घेऊन उभे राहणे म्हणजे खिडकीतून लग्न पाहण्यासारखे आहे. ज्या सहलीत मुक्काम तळ्यावर असतो तिथे मी चार तुकड्यांची साधी फ्लाय रॉड आणि लहान रीळ नेतो आणि त्यापायी वाढलेले अडीचशे ग्रॅम आनंदाने वाहतो. हे वजन कमी करणे शक्य आहे, पण मग सहल कशासाठी केली हा प्रश्न उरतो. ज्यांना फ्लाय फेकण्याचा सराव नाही त्यांनी लहान स्पिनिंग रॉड आणि दोन-तीन चमकते चमचे, म्हणजे धातूची चमच्यासारखी आमिषे, न्यावीत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, आणि खोल तळ्यात दुपारीही मासा मिळण्याची आशा त्यांनाच जास्त असते.

फ्लायच्या निवडीवर नदीकाठचे लोक तासन् तास वाद घालतात. उंचावरच्या पाण्यात तो वाद बराचसा निरर्थक आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकांवरून वाहणाऱ्या हिमवितळीच्या पाण्यात पोषक द्रव्ये कमी, म्हणून कीटक कमी, म्हणून मासे लहान आणि भुकेले. शिवाय बर्फाविना असलेले महिने मोजके. समोरून वाहत आलेली वस्तू खायची की नाही हे ठरवायला अशा माशाला क्षणभरच मिळतो आणि संशयाची चैन त्याला परवडत नाही. माझ्या डबीत अमेरिकेतल्या अल ट्रॉथ यांची १९५७ ची एल्क हेअर कॅडिस असते, जी उसळत्या पाण्यातही तरंगत राहते. १९२२ मध्ये मिशिगनमधल्या लेन हॅलडे यांनी बांधलेली करड्या रंगाची ॲडम्स असते, जी कोणत्याही एका कीटकासारखी नाही आणि म्हणूनच अनेकांसारखी वाटते. आणि इंग्लंडमधले नदीरक्षक फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल असते. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर तयार होणारी ही निम्फ पाण्याखाली असलेल्या बाल्यावस्थेतल्या कीटकाची नक्कल करते. चौथी जागा मी काळ्या फोमच्या मुंगीला देतो. उन्हाळा उतरताना, दुपारी वारा सुटला की काठावरच्या गवतातून आणि झाडांतून मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडतात आणि एरवी सुस्त असलेले ट्राउट त्यांच्यासाठी भर उन्हातही वर येतात. दुपार वाया जाते असे मी वर लिहिले आहे, त्याला एवढा अपवाद.

फ्लायपेक्षा जवळ कसे जायचे हे कितीतरी महत्त्वाचे आहे. वाहत्या पाण्यात ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, प्रवाहाच्या खालच्या बाजूने वर सरकत जावे. त्याला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचे सारे आकाश आणि काठ साधारण ९७ अंशांच्या शंकूत दाबले जाते, आणि खिडकीच्या कडेला असलेल्या वस्तू चपट्या आणि अस्पष्ट होतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की उभा माणूस लांबूनही दिसतो आणि गुडघ्यांवर आलेला माणूस बराच जवळ येईपर्यंत दिसत नाही. पावलांचा धक्का मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेला जाणवतो, म्हणून सैल दगडांवरून धडधडत जाऊ नये. जड सॅक घेऊन असे रांगणे शक्य नसते. साडेसात किलोंची सॅक पाठीवर ठेवूनही मी वाटेतल्या डोहाशी गुडघ्यांवर उतरतो, दोन-चार वेळा फ्लाय टाकतो आणि पुढे निघतो. मुक्कामाच्या जागेपर्यंतची वाटही त्यामुळे मासेमारीचाच भाग होते.

सॅकमधली एकच वस्तू पाहून सोबतचे लोक हसतात, ती म्हणजे तीस ग्रॅमांचा पाण्याचा थर्मामीटर. माझ्या मते फ्लायची अर्धी डबी काढून ठेवावी आणि तो न्यावा. ट्राउट थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याची भूक, हालचाल आणि पचन पाण्याच्या तापमानावर चालते. साधारण १० ते १६ अंशांच्या दरम्यान तो उत्साहाने खातो. पाच अंशांच्या खाली तो तळाशी जवळजवळ निश्चल असतो. २० अंशांच्या वर गेल्यावर प्रश्न भुकेचा राहत नाही, जिवाचा होतो. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, वीस अंशांना सुमारे ९. आणि तीन हजार मीटरवर हवेचा दाबच जेमतेम ७० टक्के उरल्याने हे आकडेही त्याच प्रमाणात घटतात. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढते. अशा पाण्यात गळाला लागून झुंजलेला मासा सोडून दिला तरी मागाहून मरू शकतो. म्हणून थर्मामीटर वीस दाखवू लागला की मी रॉड मिटवतो.

या थर्मामीटरनेच माझा पहाटेविषयीचा एक लाडका समज मोडला. तळ्यावर पहाट मोलाची असते, कारण तळ्याचे पाणी रात्रीतून फारसे थंड होत नाही. बर्फाखालून निघालेला ओढा मात्र पहाटे चार अंशांवर असू शकतो, आणि अंधारात उठून, बोटे गोठवून टाकलेल्या फ्लायकडे कोणताही मासा ढुंकून पाहत नाही. अशा ओढ्यावर नाश्ता आटोपून, पांघरूण उन्हात वाळवून, दहाच्या सुमाराला उथळ धारेवर ऊन आल्यावर जाणेच शहाणपणाचे. आठ अंश, नऊ अंश असा पारा चढू लागतो आणि काल रिकामे वाटलेले पाणी हळूहळू जागे होते. पहाटे उठण्याची शौर्यकथा मला आवडते, पण पारा जे सांगतो ते ऐकावे.

हिमवितळीच्या ओढ्याचे दुसरे घड्याळही ध्यानात ठेवावे लागते. दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे ओढा सकाळी सर्वांत लहान आणि दुपारनंतर, कधी कधी थेट रात्री, सर्वांत मोठा असतो. सकाळी दगडांवरून उड्या मारत ओलांडलेली धार संध्याकाळी मांडीपर्यंत येऊन पाय उपटू शकते. म्हणून माझा मुक्काम नेहमी ओढ्याच्या त्या बाजूला असतो जिथून दुसऱ्या दिवशी परतायचे आहे, मग समोरच्या काठावर कितीही सपाट जागा असो. एका रात्रीच्या सहलीत अन्नही एका रात्रीचेच असते; पाणी उतरण्याची वाट पाहत पलीकडे बसून राहण्याइतकी सवड सॅकमध्ये नसते. दुपारी ढग चढू लागले तर रॉड वेळेवर मिटवणेही त्यातच आले. कार्बन तंतू वीजवाहक असतात, आणि झाडे उगवायची थांबतात त्याहून उंचावरच्या उघड्या तळ्याकाठी साडेतीन मीटरची कार्बनची काठी उभी धरणारा माणूस आसमंतातली सर्वांत उंच वस्तू ठरतो.

मासा ठेवायचा की सोडायचा या प्रश्नाचे एक उत्तर नाही आणि ते असल्यासारखे बोलणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. ट्राउट अनेक डोंगरांत मुळचा नाहीच. तपकिरी ट्राउट हा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आणि रशियातल्या कामचात्काचा. माणसाने त्यांची अंडी आणि पिले जहाजांतून, खेचरांवरून आणि पुढे विमानांतूनही नेऊन जगभरच्या थंड पाण्यात सोडली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाची बहुतेक उंच तळी एकोणिसाव्या शतकापर्यंत मासेविरहित होती. तिथे ट्राउट सोडल्यावर पिवळ्या पायांच्या पहाडी बेडकांची संख्या झपाट्याने घटली, कारण त्यांचे बेडूकमासे दोन-तीन वर्षे पाण्यातच वाढतात आणि तेवढा काळ ट्राउटच्या तोंडासमोर असतात. पुढे बुरशीच्या रोगानेही त्यांचा घात केला. काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढून टाकल्यावर बेडूक परतले, ही त्या कथेतली दिलासा देणारी बाजू. मी ज्या माशामागे इतकी वर्षे डोंगर चढतो तो त्या पाण्यात पाहुणा, किंबहुना घुसखोर आहे, ही जाणीव मला अस्वस्थ करते आणि ती तशीच राहू द्यावी असे वाटते. व्यवहारात मी असे करतो की मूळच्या, दुर्मीळ जातीचा मासा नेहमी सोडतो. आणि ज्या तळ्यात बाहेरून आणलेल्या ब्रुक ट्राउटची इतकी दाटी झाली आहे की डोके मोठे आणि धड बारीक अशी उपाशी मासळीच गळाला लागते, तिथे नियमांत बसत असेल तर एक-दोन मासे खाण्यासाठी ठेवतो. मग ते झोपण्याच्या जागेपासून दूर शिजवतो, कारण माशाचा वास कपड्यांना आणि टार्पला धरतो आणि जिथे अस्वले आहेत तिथे तो वास निमंत्रण ठरतो.

सोडायचा मासा नीट सोडावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी घरूनच चिमट्याने दाबून सपाट करून नेतो. त्यामुळे काही मासे सुटतात, पण उरलेल्यांच्या तोंडातून गळ पाण्यातल्या पाण्यात, एका हिसक्यात निघतो. हात आधी ओले करतो, कारण कोरड्या तळव्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याच जागी बुरशी धरते. छायाचित्राचा मोह मला अजून सुटलेला नाही. त्यासाठी एवढेच पाळतो की कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यात असतो, आणि बाहेर काढल्यावर मी स्वतःचा श्वास रोखून धरतो. मला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात परत जातो.

परतीच्या सकाळी वजनाचा हिशेब आणखी सोपा होतो, कारण अन्न संपलेले असते आणि उतार लागलेला असतो. घरी पोहोचल्यावर मात्र सॅक तशीच कोपऱ्यात टाकून चालत नाही. पाण्यात उतरलेले बूट एका पाण्यातले सूक्ष्मजीव दुसऱ्या पाण्यात नेतात. दगडांवर ओल्या लोकरीसारखे पसरणारे डिडिमो शैवाल अशाच वाटेने पसरते, आणि त्याच भीतीने न्यूझीलंडने २००८ मध्ये मासेमारीसाठी फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या, तळव्यांच्या बुटांवर बंदी घातली, कारण फेल्ट कित्येक दिवस ओला राहतो. मी बूट घासून धुतो आणि पुढच्या सहलीपर्यंत ते पूर्ण कोरडे झाले आहेत याची खात्री करतो. पाण्याचे फिल्टर उलट्या दिशेने धुऊन ठेवतो. ते डोंगरात एखाद्या रात्री गोठले असल्याचा संशय असेल तर टाकून देतो, कारण आतल्या पोकळ तंतूंना गेलेले तडे बाहेरून दिसत नाहीत. रॉडच्या नळ्या सुट्या करून पुसतो, क्विल्ट पिशवीतून काढून सैल टांगतो आणि फ्लायची डबी रात्रभर उघडी ठेवतो, कारण बंद डबीतले ओले गळ सकाळपर्यंत गंजू लागतात.